आधी फळ, मग झाड

मुलीने परवा रात्री मोबाइलवर अकरा फोटो पाठवले. काळी अंजिरं, पिवळी अंजिरं, हिरव्या सालीवर पिवळे पट्टे असलेली अंजिरं, मधोमध चिरून आतला लालभडक गर दाखवणारी अंजिरं. प्रत्येकाखाली नाव : ब्राउन टर्की, ब्लॅक मिशन, कडोटा, कोनाड्रिया, डायना. छत्रपती संभाजीनगरला तिने नुकतंच घर घेतलंय. मागे चौदा बाय दहा फुटांची मोकळी जागा आहे, ऊन भरपूर. फोटोंच्या खाली एका ओळीत प्रश्न होता : ‘आई, भरपूर लागेल आणि चवीला चांगलं असेल असं एकच सांग.’

दोन दिवस झाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही. विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून घाईने बोलवत नाही.

माझं आजोळ पुरंदर तालुक्यात, सोनोरीच्या बाजूला. मल्हारगडाच्या पायथ्याला मामाची दोन एकर बाग. आजी सणावाराला जे लुगडं नेसायची त्याचा रंग अंजिरी. अंजीर खाण्याआधी मला अंजिरी रंग माहीत होता. मराठीत या फळाने एका रंगाला नाव दिलंय, आणि ते नाव आमच्याकडच्या फळावरूनच आलेलं असणार असं मला लहानपणापासून वाटतं. कारण पुरंदरचं अंजीर पिकलं की त्याची साल नेमकी तशी होते, जांभळी म्हणावी तर तांबूस, तांबूस म्हणावी तर जांभळी. त्यामुळे पिवळ्या सालीचं अंजीर फोटोत दिसलं की माझं मन पहिल्यांदा नाहीच म्हणतं. पिवळ्या सालीची उत्तम अंजिरं जगात पुष्कळ आहेत हे वाचून माहीत असूनही म्हणतं.

पण रंगापेक्षा मोठी गोष्ट आमच्या अंगणात उभी आहे, आणि मुलीला ती आठवते की नाही कोण जाणे. अंगणातलं अंजीर तिनेच लावलेलं आहे. तेव्हा ती पाच वर्षांची होती.

धाकटा झाला त्या थंडीत सासूबाईंनी माझ्यासाठी सुक्या अंजिरांची माळ आणली होती. दोऱ्यात ओवलेली, चपटी, पांढरट काबुली अंजिरं. रात्री दोन भिजत घालायची आणि सकाळी खायची. मुलगी वाटीच्या तळाशी राहिलेल्या बिया बोटाने टिपायची. एक दिवस तिने त्या डालड्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून पेरल्या. आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. वीसेक दिवसांनी डब्यात हिरवे ठिपके दिसायला लागले. त्यातलं एक रोप जगलं, वीतभर झालं, मग हातभर झालं. पावसाळ्यात ते आम्ही कुंपणाजवळ जमिनीत लावलं. तिने त्याला रोज शाळेच्या बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं.

झाड जोमाने वाढलं. चौथ्या-पाचव्या वर्षी पानांच्या बगलेत हिरव्या गाठी दिसल्या. मुलीने शाळेत सगळ्यांना सांगितलं, बाईंनाही सांगितलं. गाठी बोराएवढ्या झाल्या, मग सुरकुतल्या, पिवळ्या पडल्या आणि एक-एक करून गळल्या. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी शेणखत घातलं, राख घातली, पाणी वाढवून पाहिलं, तोडून पाहिलं. एका रोपवाटिकेतल्या माणसाने फळगळ थांबवणारं औषध म्हणून एक बाटली दिली, तीही फवारली. सकाळी अंगण झाडून त्या सुकल्या गाठी केरात भरायला मुलीच्या आधी उठायची सवय मला त्या वर्षांत लागली. तिने बघू नये असं वाटायचं.

मग एका लग्नासाठी मामा पुण्याला आला आणि दोन रात्री आमच्याकडे राहिला. सकाळी तोंड धुवायला अंगणात गेला तो तिथेच थांबला. पान हातात घेऊन उलटं करून पाहिलं, गळलेली एक गाठ उचलून नखाने फोडली, वास घेतला.

“कुठनं आणलं हे?”

मी माळेची आणि डालड्याच्या डब्याची गोष्ट सांगितली.

“मंग बरोबर हाय,” मामा म्हणाला. “हे बीचं झाड हाय पोरी, फाट्याचं न्हाई. बीच्या अंजिराचा भरोसा धरू नये. आमच्या बागंत एक झाड बीचं दाखव.”

त्याला एवढंच माहीत होतं, आणि बागायतीला एवढं पुरत होतं. पण फळ गळतं का, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. ते मला पुढे पुस्तकं वाचून कळलं, आणि कळल्यावर त्या झाडाबद्दलचा सगळा राग गेला.

उंबर फोडून पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. उंबर फोडलं की आतून चिलटं उडतात. लहानपणी आपण ते लांब फेकतो. ती चिलटं घाण म्हणून तिथे आलेली नसतात, उंबराचं पुढचं सगळं त्यांच्यावर चालतं. उंबराला फूल येत नाही असं आपण म्हणतो, वर्षानुवर्षं न भेटणाऱ्या माणसाला उंबराचं फूल म्हणतो. पण उंबर हाच फुलांचा आख्खा गुच्छ असतो, आतबाहेर उलटा केलेला. फुलं आत, देठ आत, आणि बाहेर जायला एक बारीकसं तोंड. त्या तोंडातून इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आणि ती अंगावर आणलेले परागकण आतल्या फुलांना देते. अंजीर उंबराचंच भावंड आहे, त्याचीही रचना तीच. मात्र या कुळात प्रत्येक झाडाची माशी वेगळी. उंबराची माशी अंजिराला चालत नाही, वडाची उंबराला चालत नाही. अंजिराच्या माशीचं शास्त्रीय नाव ब्लास्टोफॅगा सेनेस, आणि ती आपल्या दख्खनच्या पठारावर नाही.

आता अंजिराच्या जातींत मोठी फारकत इथे होते. काही जातींना ही माशी लागतेच. ती आली नाही तर फळ बोराएवढं होऊन गळतं. तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागातली प्रसिद्ध अंजिरं या घराण्यातली, आणि सुकवून आपल्याकडे येणारी बरीचशी अंजिरंही याच प्रकारची. ती परागीभवन होऊन तयार झालेली असतात, म्हणून त्यांत सजीव बिया असतात, म्हणून डालड्याच्या डब्यात त्या रुजल्या. अशा बियांतून निघालेल्या रोपांत निम्मी साधारण नर निघतात, ज्यांची फळं खाण्यालायक नसतात. उरलेल्यांतल्या अनेकांना माशी हवी असते. दुसऱ्या घराण्याच्या जातींना माशीची गरजच नसते. फळ परागाशिवाय धरतं, फुगतं, गोड होतं. पुरंदरचं अंजीर, ज्याला शेतीच्या पुस्तकांत पूना फिग म्हणतात, ते या दुसऱ्या घराण्यातलं. अंजिरात किडा असतो म्हणून ते न खाणारी माझी एक शेजारीण होती. तिला हे समजावून सांगितलं तेव्हापासून ती खाते.

माझ्या अंगणात जे घडत होतं तेच शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात हजारो झाडांवर घडलं होतं, हे वाचलं तेव्हा मला एकटं वाटेनासं झालं. १८८० च्या सुमारास तिथल्या एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने स्मर्नाहून सुमारे १४,००० फाटे मागवून शेतकऱ्यांना वाटले गेले. झाडं वाढली, फळं धरली आणि गळली. तुर्कांनी आपल्याला मुद्दाम भलतेच फाटे दिले, असा लोकांचा समज झाला. स्मर्नाचे शेतकरी आपल्या झाडांवर रानअंजिरांच्या माळा टांगतात हे कुणी सांगितलं, तर ती अडाण्यांची समजूत मानून लोकांनी ते उडवून लावलं. त्या टांगलेल्या रानअंजिरांतूनच माशा बाहेर पडून बागेत जात होत्या. ग्रीक लोकांना ही रीत दोन हजार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होती. थिओफ्रास्टसने ती लिहून ठेवली आहे. फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंगने मात्र हार मानली नाही. १८९९ मध्ये वॉल्टर स्विंगल या सरकारी शास्त्रज्ञाने अल्जीरियाहून माशा असलेली रानअंजिरं पाठवली, त्या फ्रेस्नोत रुजल्या, आणि मग फळं टिकली. कॅलिफोर्निया आणि स्मर्ना मिळून त्या अंजिराचं नाव पडलं कॅलिमिर्ना. ज्यांना अडाणी म्हटलं ते बरोबर निघाले, ही गोष्ट मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची वाटते. मामाही बरोबर होता. त्याला कारण माहीत नव्हतं, पण काय करू नये हे त्याला पिढ्यांनी शिकवलं होतं.

माणसाने अंजीर फाट्याने लावायला केव्हा सुरुवात केली? जॉर्डनच्या खोऱ्यात गिल्गाल नावाच्या ठिकाणी एका जुन्या घराच्या अवशेषात नऊ कोळसा झालेली अंजिरं सापडली. ती ११,००० वर्षांहून जुनी आहेत, आणि परागाशिवाय धरलेली आहेत, असं २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बी नसलेलं असं झाड आपोआप फार पसरत नाही, म्हणजे कुणीतरी फांदी तोडून मातीत खोचली असणार, असं त्या संशोधकांचं म्हणणं. सगळे शास्त्रज्ञ ते मान्य करत नाहीत. पण मला ते खरं असावं असं वाटतं. गव्हा-तांदळाच्याही आधी कुणीतरी चांगलं लागलेलं झाड पाहून त्याची फांदी घरी नेली. चव आवडली म्हणून नेली, याशिवाय दुसरं कारण काय असू शकतं?

म्हणून मला वाटतं, अंजिराची जात म्हणजे एकच झाड असतं. मामाच्या बागेतलं प्रत्येक झाड दुसऱ्या झाडाची फांदी, ते तिसऱ्याची. सोनोरी, राजेवाडी, दिवे, गुऱ्होळी, सगळीकडे तीच फांदी पसरली. तिच्यात कुठेतरी डोळ्याला एखादा फरक पडतो, फळ मोठं येतं, कुणीतरी बारकाईने बघणारा तेवढी फांदी वेगळी लावतो, आणि नवी जात होते. पुरंदर तालुक्यातच जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘फुले राजेवाडी’ ही जात अशाच निवडीतून पुढे आली. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली तांबूस-काळी माती, उतारावरची निचऱ्याची जमीन, पर्जन्यछायेतली कोरडी हवा, हे सगळं त्या मानांकनात धरलेलं आहे. नुसती फांदी नेली की पुरंदर नेलं असं होत नाही.

मुलीच्या झाडाला मात्र मामाने पुरंदरचं केलं. मी झाड तोडायला तयार नव्हते, त्याचं कारण त्याने विचारलं नाही. थंडी सरताना तो परत आला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले फाटे घेऊन. पेन्सिलीएवढे जाड, प्रत्येकावर तीन-चार डोळे. झाडाच्या दोन फांद्या करवतीने कापून त्याने मधोमध चीर दिली, फाट्याचं टोक पाचरीसारखं तासलं आणि त्या चिरेत बसवलं. सालीला साल लागली पाहिजे, हे मुलीला दोनदा दाखवलं. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. पांढरा चीक सगळ्यांच्या हातांवर आला. मामाने आम्हाला लगेच हात धुवायला लावले, कारण तो चीक कातडीला खाजतो आणि उन्हात गेलं तर डाग उठतात. बाकीच्या फांद्या त्याने त्या वर्षी तशाच राहू दिल्या, मुळाला काम हवं म्हणून. दोन पाचरींतली एक वाळली. दुसरीने महिनाभरात पान काढलं. वर्षादोन वर्षांत सगळं झाड त्या एका फांदीवर बदलून घेतलं. आजही बुंध्यापाशी ती जागा दिसते. खाली खरबरीत काबुली बुंधा, वर मामाची बाग.

पहिलं अंजीर चैत्रात पिकलं.

अंजीर पिकल्याचं कसं ओळखायचं हे आजोळी पाच वर्षांच्या पोरालाही येतं, आणि शहरात पन्नाशीच्या माणसालाही येत नाही, कारण त्याने पिकलेलं पाहिलेलंच नसतं. कच्चं अंजीर देठावर ताठ उभं असतं. पिकायला लागलं की दोन-तीन दिवसांत एकदम फुगतं, रंग चढतो, मग देठापाशी मान कलते आणि फळ खाली बघायला लागतं. तरीही थांबायचं. सालीवर बारीक पांढऱ्या भेगा पडतात. तोंडाशी मधाचा एक थेंब जमतो. बोटाने दाबलं तर कानाच्या पाळीइतकं मऊ लागतं. तेव्हा सकाळी, उन्हाआधी, देठासकट वळवून तोडायचं. मुलीने ते दोन्ही हातांत धरलं होतं. चार भाग केले. आत गुलाबी-लाल गर, बारीक बियांची कुरकुर, आणि एक चव जी मला कधी नीट सांगता आलेली नाही. मध आहे, पण मधासारखी घशाला बसत नाही. साल इतकी पातळ की वेगळी कळत नाही.

अशी चव बाजारात मिळत नाही. कुणाची चूक आहे म्हणून नव्हे. अंजीर झाडावरून उतरवल्यावर आणखी गोड होत नाही. आंबा अढीत पिकतो तसं ते अढीत पिकत नाही. मान पूर्ण कललेलं अंजीर दोन दिवसांत आंबतं. म्हणून शेतकऱ्याला ते एक-दोन दिवस आधी, अजून जरा घट्ट असतानाच तोडावं लागतं. पहाटे तोडणी, पाटीत खाली अंजिराचीच पानं, त्यावर एकेक फळ हाताने रचलेलं, आणि दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डात. तीसेक किलोमीटरचं अंतर, तरी जीव मुठीत धरून. रोमच्या केटोने सिनेटपुढे एक ताजं अंजीर धरलं होतं असं प्लिनी सांगतो : हे कार्थेजमध्ये तीन दिवसांपूर्वी तोडलेलं आहे, शत्रू आपल्यापासून इतका जवळ आहे. पुढे लवकरच, इ.स.पू. १४९ मध्ये, युद्ध पेटलं. मला त्या गोष्टीतलं राजकारण राहू दे, पण अंतर मोजायला त्याने अंजीरच निवडलं, हे पटतं. दुसरं कुठलं फळ तीन दिवस इतक्या स्पष्टपणे दाखवेल? २०२४ मध्ये पुरंदरच्या अंजिराचा माल पोलंडला गेला, तो रस होऊन गेला.

एवढ्यासाठी घरी झाड लावायचं. स्वस्त पडतं म्हणून नाही. पिकलेलं अंजीर खायचं असेल तर ते स्वतःच्या दारात असावं लागतं.

आता मुलीच्या प्रश्नातला ‘भरपूर’ हा शब्द. अंजीर नव्या फुटीवर लागतं, पानाच्या बगलेत. जितकी नवी फूट, तितकं फळ. त्यामुळे भरपूर लागण्यात जातीइतकाच वाटा कात्रीचा असतो. मामा पावसाळा सरताना छाटायचा आणि ज्या डोळ्यातून फूट हवी त्याच्या जरा वर सालीला चाकूने खाच द्यायचा. खालचा झोपलेला डोळा जागा व्हायचा. नवीन माणूस छाटायला घाबरतो, नत्राचं खत मात्र सढळ हाताने घालतो. मग झाडाला नुसती हत्तीच्या कानाएवढी पानं येतात.

आणि ‘चवीला चांगलं’. त्याच झाडाची, त्याच फांदीची दोन अंजिरं मी तिला देऊ शकते, एक श्रावणातलं आणि एक चैत्रातलं, आणि ती म्हणेल की या दोन जाती आहेत. आमच्याकडे पावसाळ्यातल्या फळाला खट्टा बहार म्हणतात आणि उन्हाळ्यातल्याला मीठा बहार. नावातच सगळं आलं. पावसातलं फळ पाणी पिऊन फुगतं, फुटतं, तोंडातून ओल आत जाऊन आंबतं. हल्ली छाटणीच्या तारखा मागेपुढे करून शेतकरी खट्ट्या बहारातूनही चांगला पैसा करतात. घरच्या झाडाला मात्र मी उन्हाळ्याच्याच फळासाठी सांभाळते. फळ रंगावर आलं की पाणीही हात आखडून देते, नाहीतर ते तडकतं.

म्हणून त्या अकरा फोटोंतलं गोड कुठलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. गोडी फोटोतल्या फळात असते, आणि त्या फळाला फ्रेस्नोचा किंवा स्पेनचा पाऊस नसलेला उन्हाळा मिळालेला असतो. नावांचाही भरवसा धरता येत नाही. आयरा कॉन्डिट या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये अंजिराच्या जातींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात सहाशेहून जास्त जाती आहेत, आणि एकाच झाडाला दहा गावांत दहा नावं कशी पडली याचा हिशेब लावण्यात त्याचं आयुष्य गेलं. ब्राउन टर्की या नावाखाली कुठल्या देशात कुठलं झाड विकलं जाईल सांगता येत नाही. कोनाड्रिया कॉन्डिटनेच संकरातून काढलेली, फिक्या हिरव्या सालीची; चांगली आहे. डायना कर्नाटकात, तमिळनाडूत रुळली आहे, फळ मोठं, हिरवट पिवळं. कुणी कोरड्या भागात लावून खाऊ घातलं तर मी नाही म्हणणार नाही. पण स्मर्ना, कॅलिमिर्ना, तुर्की, काबुली अशी नावं सांगून कुणी रोप द्यायला लागलं, तर ते माशीशिवाय फळ धरतं का हे पहिल्यांदा विचारावं. विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही तर पैसे परत खिशात ठेवावेत. आणि बीपासून केलेलं रोप तर फुकटही घेऊ नये. पाच वर्षं जातात.

जागेबद्दल एक कडू गोष्टही सांगायला हवी. माझी बहीण रत्नागिरीला असते. तिलाही मी हौसेने आमच्या झाडाचे फाटे दिले होते. जगले, वाढले, आणि पहिल्याच पावसात पानांच्या खाली तांबेऱ्याचे ठिपके उठून सगळी पानं गळाली. बोर्डो मिश्रण मारून ती थकली. फळ आलं तेही पांचट. कोकणाला अंजीर सोसत नाही म्हणण्यापेक्षा अंजिराला कोकणाची दमट हवा सोसत नाही. तिच्याकडे फणस आहे, जाम आहे, आणि तो जाम मी पुण्यात लावून पाहिला तर माझीही तीच गत होईल. मी तिला ते झाड काढायला सांगितलं. वाईट वाटलं, पण दरवर्षी आजारी झाड बघत बसण्यात प्रेम नाही.

मुलीला उत्तर द्यायला दोन दिवस लागले ते इथे. माझ्या मनात पहिल्यापासून एकच होतं : आपल्या अंगणातल्या झाडाचे फाटे तिला पाठवावेत. तिने पेरलेलं, मामाने बांधलेलं झाड. मामा आता नाही. बागेतला अर्धा भाग प्लॉट पाडून विकला गेला. त्या फांदीचा एक वारसा आमच्या कुंपणाशी आहे. तो तिच्या दारात जावा असं मला वाटणारच.

पण तिने मला आठवणीचं झाड मागितलेलं नाही. भरपूर लागेल आणि चवीला चांगलं असेल असं एकच मागितलंय, आणि चौदा बाय दहा फुटांत जमिनीत एकच मावतं. तिच्या घरापासून दौलताबाद किती, पंधराएक किलोमीटर. त्या परिसरात अंजीर जुनं आहे. तिथल्याच झाडांतून परभणीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘दिनकर’ नावाची जात आहे. माशी लागत नाही. मराठवाड्याचं ऊन, तिथली माती, तिथलं पाणी त्या फांदीने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेलं आहे. मामाला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. त्याने मला कधीच नाव सांगून झाड घ्यायला सांगितलं नाही. तो म्हणायचा, झाडाखाली जा, फळ खा, मालकाला इचार दर साल येतं का, आणि मंग फाटा माग.

आज सकाळी तिला लिहिलं :

‘फोटोतलं कुठलंच नको. उन्हाळ्यात एका रविवारी दौलताबादकडे जा. बागेत विचारून झाडावरचं, मान कललेलं अंजीर खा. दोन-तीन ठिकाणी खा. जे आवडेल त्या झाडाचा फाटा किंवा गुटी माग. दिनकर मिळालं तर उत्तम. बीचं रोप घेऊ नकोस. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घे, तळाशी मुरूम आणि शेणखत घाल. मोरीच्या नळापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब लाव, मुळं पाणी शोधत जातात. फळाला रंग चढायच्या आधी झाडावर जाळी टाक, नाहीतर बुलबुल आणि वटवाघळं तुझ्या आधी चाखतील.’

मग थोडं थांबून आणखी लिहिलं : ‘आपल्या झाडाचे सहा फाटे मी पावसाळा सरल्यावर कुंडीत लावते. त्यातला एक धरला तर तुझ्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये ठेव. तो फळासाठी नाही.’

तिचं उत्तर आलं : ‘माझी पाचर कुठली होती, जगलेली की वाळलेली?’

जगलेली. ती चीर मामाने तिचा हात धरून दिली होती.